गाळलेलं पाणी

फाल्गुन लागला की आमच्या आष्ट्यात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. मळ्यामळ्यांतून हळद शिजायला लागते आणि वीज जायला लागते. हळदीचा तो उकडलेला, मातकट वास घरात शिरला की मला एका जागी बसवत नाही. त्यात पंखा थांबतो, जिन्याखालच्या इन्व्हर्टरमधून ‘टक्’ असा आवाज येतो, पंखा पुन्हा फिरायला लागतो आणि मी उठते. नातसून म्हणते, “आजी, आपोआप होतं ते. तुम्ही बसा.” आपोआप होतं हे मलाही दिसतं. पण त्या यंत्राशेजारी बॅटरी आहे, तिच्या डोक्यावर सहा बुचं आहेत, बुचांखाली पाणी आहे, आणि ते पाणी कुणी, कुठून आणून घातलं हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

विचारलं की घरात हशा होतो. मी तरीही जिन्याखाली वाकते. बॅटरीवर कुणी चादरी रचून ठेवल्यात का बघते. झरोका उघडा आहे का बघते. एकदा नातसुनेनं तिथंच उदबत्ती लावली होती, जागेला कुबट वास येतो म्हणून. मी अशी काही ओरडले की शेजारची बाई धावत आली. पुढं दोन दिवस पोरीचं तोंड फुगलेलं होतं. तिची चूक नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी सांगायला बसले तर बॅटरीपाशी थांबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी ओरडते, आणि पुढचं गिळते.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. महायुद्धात सिंगापूर पडून वर्ष उलटलं होतं. आष्टं तेव्हा सातारा जिल्ह्यात. बाजार सांगलीचा, पण सरकारी कागद सगळे साताऱ्याचे. गावात वीज नव्हती. आमच्या यजमानांची पिठाची गिरणी होती, ती तेलाच्या इंजिनावर चाले. इंजिनाच्या एका पट्ट्यावर जातं फिरायचं आणि दुसऱ्या पट्ट्यावर एक डायनामो. गावाची ज्वारी दळली जायची आणि त्याच फेऱ्यांवर भिंतीकडेच्या फळीवर मांडलेल्या बॅटऱ्या भरल्या जायच्या. मोटारवाल्यांच्या दोन-तीन, तंबूतल्या सिनेमावाल्याची एक, आणि एक आमच्या घरच्या रेडिओची.

डायनामो बसवला होता हुसेनमिस्त्रींनी. मूळचे उंब्रजचे. जन्म मोटारींखाली गेलेला. माणूस बोलायला मऊ, पण बॅटऱ्यांच्या फळीपाशी तो कुणाचा नव्हे. “बुचं काढल्याबिगार इंजान सुरू करायचं न्हाई. दारं-खिडक्या सताड उघड्या पायजेत. आदी तारा जोडायच्या, मग डायनामो. काढताना उलटं, आदी डायनामो बंद, मग तारा. ठिणगी पडता कामा न्हाई.” जगात पुष्कळ मंत्र असतील, मी तेव्हा हेच पाठ केले. लाल चिंधी बांधलेली तार लाल खुणेलाच. आम्ल पातळ करायचं झालं तर पाण्यात आम्ल सोडायचं, थेंब थेंब. आम्लात पाणी कधीच नाही, उसळून तोंडावर येतं. आणि बॅटरी बुडबुडायला लागली की तिच्यातून पेटणारा वायू निघतो, म्हणून तिथं विडी नको, दिवा नको, काडी तर मुळीच नको. उंब्रजच्या एका ड्रायव्हरनं पाणी किती राहिलंय बघायला बुचाशी काडी ओढली होती. मिस्त्री ते सांगताना स्वतःच्या डोळ्यांवरून हात फिरवीत.

गिरणीत तीन वास एकमेकांत मिसळलेले असत: गरम पिठाचा, इंजिनाच्या तेलाचा, आणि नाकाला टोचणारा आम्लाचा. माझ्या एकूण एक लुगड्याला बारीक भोकं पडली होती. त्या फाल्गुनात चौथा वास आला. गिरणीच्या मागच्या खळ्यावर आमचीच हळद शिजत होती, बायका पिवळ्या पायांनी आत-बाहेर करत होत्या, फरशी पिवळी झाली होती. एक दिवस मोटारवाल्याची बॅटरी कलंडली, आम्ल सांडलं. मिस्त्रींनी ओंजळभर धुण्याचा सोडा त्यावर फेकला. फस्स करून फेस आला, आणि बघता बघता कडेची फरशी लालभडक झाली. मी किंचाळलेच.

“रगत न्हाई वैनी, हळद हाय ती,” मिस्त्री म्हणाले. “सोडा लागला की लाल हुती. कडंपतूर लाल झाली न्हवं? मग आम्ल मेलं. आता खुशाल पाय ठेवा.”

मला त्या लाल फरशीवर पाय ठेववेना. कडेकडेनं गेले. पण माझ्यामागून ताराक्का आल्या आणि त्यातून सरळ चालत गेल्या. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांची नजर फळीवरच्या आमच्या बॅटरीवर होती. “भरली का वो मिस्त्री?” त्यांनी विचारलं. त्या दिवशीचं ते चौथ्यांदा विचारणं होतं.

ताराक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना आक्का म्हणायची. दाजी, म्हणजे त्यांचे यजमान पायगोंडा, पलटणीत कारकून होते. धान्याच्या कोठाराचा हिशेब लिहायचे, बंदूक हातात धरलेली नव्हती. तिकडं समुद्रापार गेले, सिंगापूर पडलं, आणि एक तार आली की बेपत्ता. मेला असं नाही, जिवंत आहे असं नाही. आक्का माहेरी येऊन राहिल्या. कामाला त्या वाघीण. हळद खणायला, शिजवायला, वाळवायला सगळ्यांच्या पुढं. पण एक काम हातात असताना दुसऱ्याकडं बघत. पाणी शेंदताना वेशीकडं बघत. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला उभ्या राहिल्या तरी कान रस्त्याकडं. कुंकू लावताना त्यांचं बोट कपाळापाशी थांबायचं, एवढंसंच, मग टेकायचं. ते थांबणं मी रोज बघायची. गल्लीतल्या बायकाही बघायच्या, आणि आपापसांत काय बोलायच्या ते आम्हाला ऐकू येईल इतपतच हळू बोलायच्या.

घोंगडी विकायला आलेल्या परजिल्ह्यातल्या एका बाईनं आगीत तेल ओतलं. तिचाही मुलगा तिकडंच होता. ती म्हणाली, “आवं, शत्रूच्या मुलखातनं रेडव वाजतुया. बेस्तरवारी, दिवस मावळला की. कैद्यांची नावं वाचत्यात. माझ्या पोराचं वाचलं. त्याच्या बाचं नाव, गावाचं नाव, सगळं बराबर. जित्ता हाय माझा पोरगा.” आणि तिनं आक्कांच्या मांडीवर हात ठेवला. “येक येक जिल्हा घेत्यात. तुमचाबी यील.”

त्या दिवसापासून आमच्या घरात आठवड्याला एकच वार उरला. यजमानांनी रेडिओ घेतला होता बाजारभाव आणि लढाईच्या बातम्यांसाठी. आता तो गुरुवारखेरीज लावायचा नाही असं ठरलं, बॅटरी वाचावी म्हणून. बॅटरीची वीज रेडिओला तशीच्या तशी चालत नसे. त्याच्या पोटात बोटभर उंचीची एक डबी होती. ती थरथरायची, आणि बॅटरीची सरळ वीज उलटसुलट करून पुढं द्यायची. आताचा इन्व्हर्टर तेच काम करतो असं नातू म्हणतो. मिस्त्री त्या डबीला थरथरी म्हणत. तिचा एक बारीक घूं घूं आवाज येई. बॅटरी भरलेली असली की तो चढा, उतरली की बसका. आक्कांना त्या आवाजावरून बॅटरीत किती जीव आहे ते कळायचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून, दार लावून, आम्ही चौघं बसायचो. यजमान, मिस्त्री, आक्का आणि मी. शत्रूचं स्टेशन ऐकणं गुन्हा होता, त्यामुळं आवाज कुजबुजण्याइतका. जिल्हे येत. नाव ऐकलेले, न ऐकलेले. सातारा येत नसे. मला गंमत वाटायची एका गोष्टीची, गंमत म्हणजे हसण्यासारखी नव्हे: आक्कांनी जन्मात दाजींचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, आणि आता एका परक्या माणसानं ते घ्यावं म्हणून त्या डोळ्यांत प्राण आणून बसत.

एका गुरुवारी दुपारी त्या निरांजन घेऊन गिरणीत आल्या. हळदकुंकवाचं ताट, फुलं. बॅटरी फळीवर बुडबुडत होती, बुचं उघडी. त्यांना तिची पूजा करायची होती. मी शेजारीच उभी होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खंडेनवमीला आम्ही इंजिनाची करतोच की. मिस्त्री पट्ट्यापलीकडून बघत होते. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. ते आले, आक्कांच्या हातातलं ताट त्यांनी अक्षरशः हिसकावलं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं.

“आक्का, तुमचं डोळं गेल्यावर दाजी आलं तर बघणार कशानं?”

आक्कांनी दिव्याविनाच, दुरून, हात जोडले. “ऱ्हाऊ द्या. हिला कशाची पूजा लागती ते तरी सांगा.”

“काय न्हाई लागत,” मिस्त्री म्हणाले. “आभाळाचं पाणी तेवढं लागतं.”

ते पाणी एका मोठ्या काचेच्या बरणीत होतं. मोटारवाले पूर्वी सांगलीहून बॅटरीचं शुद्ध केलेलं पाणी आणत. लढाईमुळं ते मिळेनासं झालं. म्हणून मिस्त्रींनी गेल्या आषाढात, पावसानं हवा धुऊन निघाल्यावर, उघड्यावर धुतलेलं धोतर ताणून पाणी धरलं होतं आणि बरणीत भरून कोपऱ्यात ठेवलं होतं. “ह्येला कुणी हात लावायचा न्हाई,” असं ते म्हणाले होते. मीही ऐकलं होतं.

आता जे सांगायचं ते सांगते. फाल्गुनात आमची अष्टान्हिका असते. आठ दिवस उपास, पूजा, घर कानाकोपऱ्यापर्यंत स्वच्छ. गिरणी झाडायला सकाळी मीच जायची, इंजिन सुरू व्हायच्या आधी. झाडताना ती बरणी समोर आली. आठ महिन्यांचं साठवलेलं पाणी, न गाळलेलं. आमच्या घरात पाण्याचा थेंबसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळल्याखेरीज कुणाच्या तोंडी जात नसे. फडक्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचे, त्यासाठी वेगळी बादली. हे मला चालता यायच्या आधी आलेलं असावं. आणि ऐन अष्टान्हिकेत आमच्याच छपराखाली असंख्य जिवांनी भरलेली बरणी, तीही रोज थोडी थोडी आम्लात ओतली जाणार! माझ्या अंगावर काटा आला. मी ते पाणी परसातल्या मातीत ओतलं. बरणी घासली. विहिरीचं पाणी तीनदा गाळून, उकळून, निववून तिच्यात भरलं. गाळलेलं पाणी शिळं चालत नाही, म्हणून रोज सकाळी कालचं ओतून नवं भरत राहिले. कुणाला बोलले नाही. पुण्याचं काम बोलून दाखवायचं नसतं असं आईनं शिकवलं होतं, आणि मला फार छान वाटत होतं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ; आंघोळ केली तर अंगावर पांढरं उठायचं. ते पाणी बॅटरीच्या आतल्या शिशाच्या पत्र्यांना काय करील हा विचार मला कुठून सुचणार?

उन्हाळा चढत होता. बॅटऱ्यांचं पाणी भराभर आटत होतं. मिस्त्री बरणीतून घालत होते. आमची बॅटरी कुरकुरायला लागली. दिवसभर भरली तरी रात्रीत उतरायची. मिस्त्री बुचात डोकावायचे, मान हलवायचे, तारा घासायचे. आक्कांचे हेलपाटे वाढले. हळद शिजून वाळत पडली होती, खळंभर पिवळं, आणि त्या हळद उलटवायची सोडून गिरणीच्या दारात. मी त्यांना म्हणायची, “आक्का, जरा बसा हो.” त्या म्हणायच्या, “बसून काय करू गं?”

पाडवा झाला. त्यानंतरचा गुरुवार. दार लावलं. रेडिओ लावला. थरथरीचा आवाज सुरुवातीलाच बसका होता. आक्कांनी माझा हात धरला, तो इतका घट्ट की बांगडी रुतली. माणूस बोलत होता, हिंदुस्थानीत, खरखरीतून. आणि तो म्हणाला, “जिल्हा सातारा.”

पहिलं नाव कराडकडचं होतं. दुसरं, तिसरं खटावचं. मग तो म्हणाला, “तालुका वाळवा.” आमचाच तालुका. आणि आवाज खाली खाली गेला, थरथरी एकदा घोगरली आणि गप्प झाली.

यजमान गिरणीकडं पळाले. मोटारवाल्याची बॅटरी उचलून आणली. त्यांचे हात तारांवर धडपडत होते. “घाई नगं आण्णा,” मिस्त्री म्हणाले, “उलटी लागली तर थरथरी जळंल, मग कायच न्हाई.” त्यांनी चिंधी बघितली, खूण बघितली, तार पुसली, जोडली. सगळं नियमानं. रेडिओ पुन्हा बोलायला लागला तेव्हा गाणं चालू होतं. आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “नेमकं तिथंच बंद पडलं. काय तरी असंल त्यात.” दुसऱ्या दिवशी बस्तीतल्या उपाध्यांनीही मान डोलावली. अशुभ कानी पडू नये म्हणूनच आवाज अडला असेल, ते म्हणाले, किंवा शुभ अजून यायचं असेल. दोन्ही बाजूंनी बोललं की माणूस चुकत नाही. पण आक्कांनी ते गाठीला बांधलं.

आठवड्यानं मिस्त्रींनी बरणीतला एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला. थेंब चरचरून आटला. मागं पांढरं कडं राहिलं. पावसाच्या पाण्याचं असं राहत नाही. ते निघून जातं, जागा कोरी. त्यांनी दुसरा थेंब टाकला. दुसरं कडं. गिरणीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. गाळलं, उकळलं, रोज बदललं. सांगता सांगताच मला कळत गेलं.

मिस्त्री रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “वैनी, ह्ये पाणी मानसानं प्यायाचं. झकास हाय.” मग पत्रा पुसला. “आण्णास्नी म्या सांगतो, बॅटरीचं पत्रं जुनं झालं हुतं. खोटं बी न्हाई ते. पर आक्कास्नी तुमी सांगा. त्यांनी त्यात द्येव बघाय नगं.”

नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू. नवी बॅटरी आली साताऱ्याहून, गुरुवार पुन्हा सुरू झाले, पुढचे जिल्हे आले. सातारा पुन्हा आला नाही. मी रोज आक्कांच्या कपाळाकडं बघायची. आता त्यांचं बोट थांबत नव्हतं. सरळ टेकायचं. मला वाटायचं, बरंच झालं की. त्यांना आधार मिळाला. आधार कशावर उभा आहे ते मलाच ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं मला झोपू देत नव्हतं, बसू देत नव्हतं. मी भांडकुदळ झाले ती तेव्हापासून. विनाकारण मोलकरणीवर ओरडायची, यजमानांवर ओरडायची.

लढाई संपली. घोंगडीवाल्या बाईचा मुलगा परत आला, एका पायानं लंगडत. इतरही आले. दाजी आले नाहीत, आणि ते मेल्याचा कागदही आला नाही. दोन वर्षांनी कृष्णेपलीकडच्या एका बिजवराचं बोलणं आलं. चांगला माणूस, मळा बागायती, एक लहान मुलगी. आमच्या समाजात बाईनं दुसरं लग्न करणं काही जगावेगळं नव्हतं. यजमानांनी विचारलं. आक्का तेव्हा अठ्ठावीसच्या होत्या. हळद पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, “त्यांचं नाव न्हाई वाचलं, आसं कुणी ऐकलंय का? तूच सांग, भूपाल. तू ऐकलंस?” मी चुलीपाशी होते. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी लाकडं मागं-पुढं सारत राहिले. त्या माणसानं वर्षभर वाट बघून दुसरीकडं केलं.

आमच्यात दरवर्षी क्षमावाणी येते. पर्युषण संपलं की लहान-मोठा सगळे एकमेकांपुढं हात जोडतात. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. किती सोयीचं! कळत आणि नकळत एकाच ओंजळीत. मी दरसाल पहिल्यांदा आक्कांच्या पाया पडायची, दरसाल तेच वाक्य म्हणायची, आणि काय चुकलं ते कुणी विचारत नसल्यामुळं दरसाल सुटायची. अशी चाळीस वर्षं मी त्या वाक्याच्या आडोशाला बसले. सासू झाले, आजी झाले. मिस्त्री गेले. यजमान गेले. गिरणी विजेवर आली, डायनामो भंगारात गेला. आक्का केस पांढरे झालेल्या, कंबरेत वाकलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

ज्या वर्षी त्या पासष्टीच्या झाल्या त्या वर्षीची क्षमावाणी. मी पायाशी वाकले. त्या हसल्या. “दरसाल मागतीस गं मालन. एवढं काय क्येलंस तरी काय माझं?” थट्टेनंच म्हणाल्या. मी वर उठलेच नाही. तिथंच जमिनीवर बसून सगळं सांगितलं. बरणी, फडकं, विहीर, पांढरं कडं. बिजवराचं बोलणं आलं तेव्हा मी चुलीपाशी होते, तेही.

आक्का शेंगा फोडत होत्या. ऐकताना हात चालूच होते. मी थांबले तेव्हा एवढंच म्हणाल्या, “म्हंजी यादी सरळ म्होरं वाचली असंल. तिकडं काय थांबलं नसंल.”

“नाही, आक्का.”

“बॅटरीच उतरली.”

“हो.”

“मला वाटलं हुतं…” पदरातल्या टरफलांचा त्यांनी मुटका केला, उठल्या, न्हाणीत गेल्या. भरदुपारी. मी बाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत होते. तांब्यामागून तांब्या. बाहेर आल्या तेव्हा केस ओले होते आणि कपाळ कोरं होतं. चाळीस वर्षांचं कुंकू गेलं तरी त्या जागी एक फिकट गोल राहिलेला. मी रडायला लागले. मला वाटलं, मी माझं मन हलकं करून घेतलं आणि या बाईला म्हातारपणी रांडव केलं.

आक्का माझ्यापुढं बसल्या. त्यांनी माझं तोंड पदरानं पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. आणि म्हणाल्या, “लय उशीर क्येलास गं.”

राग नव्हता त्यात. असता तर मी काहीतरी बोलले असते. बोलण्यात मी कुणाला हार गेलेली नाही. त्या अकरा दिवस सुतकात बसल्या. बाराव्या दिवशी उठल्या. त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या, आणि त्या नऊ वर्षांत मी त्यांना वेशीकडं बघताना पाहिलं नाही. दुपारी आडव्या होत आणि लगेच झोपी जात. गोमटेश्वराला जाऊन आल्या. नातवंडांशी पत्ते कुटले, त्यात लबाडी केली, खळखळून हसल्या. असं हसताना मी त्यांना आधी कधीच बघितलं नव्हतं. ते हसू मी त्यांना पंचविशीत देऊ शकले असते.